फॉरमॅट मारायच्या आधी जरा थांबा : वाचकांचे प्रश्न

या वेळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर गणिताचं सॉफ्टवेअर बंद पडतं, काय करू, अशा पत्रांचा ढीग आलाय. गंमत म्हणजे बहुतेकांनी पहिल्या दोन ओळीतच लिहिलंय की रीइन्स्टॉल करून झालं, काही फरक नाही. आपल्याकडे हा एक रोगच आहे, काही झालं की काढून टाका परत टाका, नाहीतर सरळ फॉरमॅट मारा. अहो पण बंद पडताना मशीन काहीतरी लिहून ठेवतं ना, ते तरी वाचाल की नाही? पाच पत्रं निवडलीत, बाकीच्यांची उत्तरं त्यातच कुठेतरी सापडतील.

प्रश्न : सर, मी कंपनीत व्हायब्रेशन टेस्टिंगचा डेटा बघतो. मॅटलॅबचं २०२१ चं व्हर्जन आहे. हिशोब सगळे नीट होतात पण प्लॉट काढला की अख्खी विंडो गायब, एरर पण देत नाही. तीन आठवडे झाले. आयटीवाल्यांनी दोनदा रीइन्स्टॉल केलं, आता म्हणतात लॅपटॉप फॉरमॅट करू. माझ्याकडे ॲडमिन राइट्स नाहीत. इव्हेंट व्ह्युअरमधल्या नोंदीचा फोटो जोडलाय पण मला त्यातलं काही कळत नाही.
— डिझाइन इंजिनिअर, चाकण

उत्तर : फोटो पाठवलात हे फार बरं केलंत, अर्धं काम तिथंच झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्युअर टाइप करायचं, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि ज्या मिनिटाला प्रोग्रॅम उडाला त्या मिनिटाची लाल खुणेची ओळ शोधायची, इव्हेंट नंबर १०००. याला ॲडमिन राइट्स लागत नाहीत. आत बराच मजकूर असतो पण बघायच्या फक्त तीन गोष्टी : फॉल्टिंग ॲप्लिकेशन म्हणजे कोण पडलं, फॉल्टिंग मॉड्यूल म्हणजे कुणाच्या अंगणात पडलं, आणि एक्सेप्शन कोड म्हणजे कसं पडलं.

आता तुमच्या फोटोत पडलंय मॅटलॅब, हे आपल्याला माहीतच होतं. पण मॉड्यूलच्या जागी मॅटलॅबची फाइल नाहीये! तिथं जे नाव आहे ते आय-जी ने सुरू होतंय आणि शेवटी आय-सी-डी ६४ आहे, ती प्रोसेसरमध्येच जे ग्राफिक्स असतं त्याच्या ड्रायव्हरची फाइल आहे, ओपनजीएलवाली, म्हणजे चित्र काढायचं काम जिच्याकडे असतं ती. आणि कोड आहे सी, मग सहा शून्यं, मग ५. हा कोड पाठच करून ठेवा, सगळ्यात जास्त हाच भेटतो. याचा अर्थ प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरायला घेतली, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या शेतात नांगर घातला म्हणा ना, आणि विंडोजने तिथल्या तिथे त्याला उचलून बाहेर टाकलं. एरर दाखवायला वेळच मिळाला नाही बिचाऱ्याला.

मग आता सांगा, मॅटलॅब दहा वेळा रीइन्स्टॉल केलं म्हणून ड्रायव्हर बदलणारेय का? तो होता तिथंच आहे.

आधी खात्री करून घ्या. डेस्कटॉपवर मॅटलॅबचा नवीन शॉर्टकट करा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टार्गेटची जी ओळ असते तिच्या अगदी शेवटी एक स्पेस देऊन डॅश आणि त्याला चिकटून सॉफ्टवेअरओपनजीएल असं इंग्रजीत, छोट्या लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा. या शॉर्टकटने उघडलं की चित्र काढायला ग्राफिक्सचा ड्रायव्हर वापरलाच जात नाही, सगळं काम प्रोसेसर करतो. आता प्लॉट काढा. निघाला तर चोर सापडला. थ्रीडी सरफेस फिरवताना थोडं रखडेल, पण तुमचे आलेख साधे टाइम सिग्नलचे असतील तर कळणार पण नाही आणि रिपोर्ट तरी वेळेत जाईल.

आणि आयटीवाल्यांना "मॅटलॅब चालत नाही" असं तिकीट टाकू नका, त्यावर ते रीइन्स्टॉलच करणार, त्यांची तरी काय चूक. असं लिहा : अमुक मॉड्यूलमध्ये पडतंय, सॉफ्टवेअर ओपनजीएलवर पडत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडाप्टरच्या ड्रायव्हरची तारीख ही आहे, त्रास सुरू झाला ती तारीख ही, ड्रायव्हर रोल बॅक करून (म्हणजे आधीचा परत आणून) किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा नवा टाकून बघाल का. तीन आठवड्यांपूर्वी विंडोज अपडेटने गुपचूप ड्रायव्हर बदलला असण्याची शक्यता मला दाट वाटते, तारखा जुळतात का ते तुम्हीच बघा.

एक जाता जाता. रनमध्ये टेम्प लिहून दोन्ही बाजूंना टक्क्याची खूण द्या, जे फोल्डर उघडेल त्यात मॅटलॅब क्रॅश डंप नावाची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडते, पडताना काय काय चालू होतं त्याची यादी तिच्यात असते. कुणी स्वतः सी भाषेत मेक्स फाइल (मॅटलॅबला जोडायचा आपला प्रोग्रॅम) लिहून वापरत असेल आणि त्या यादीत तिचं नाव वरच्या दोनचार ओळीत दिसलं, तर ड्रायव्हरला शिव्या देऊ नका, तुमच्याच लूपने ॲरेच्या बाहेर एक पाऊल टाकलंय.

प्रश्न : आमच्या कृषी संशोधन केंद्रात नवीन कॉम्प्युटर आला. आर (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) टाकलं, उघडतं, पण कुठलंही पॅकेज टाकायला गेलं की फोल्डर सापडत नाही म्हणतं, आणि कधीकधी सरळ बंद होतं. त्याच्या मेसेजमध्ये नुसती प्रश्नचिन्हं दिसतात. जुन्या मशीनवर हेच आर (व्हर्जन ३.६) व्यवस्थित चालायचं. व्हायरस असेल का?
— संख्याशास्त्र विभाग, विदर्भ

उत्तर : मॅडम की सर ते लिहिलं नाहीत, पण सही केलीत "संख्याशास्त्र विभाग" अशी, आणि तुमच्या स्क्रीनच्या फोटोत खाली कोपऱ्यात युजरचं नाव पण तेच आहे, देवनागरीत! व्हायरस वगैरे काही नाही, तिथंच घोळ आहे.

ज्याने मशीन लावून दिलं त्याने कौतुकाने अकाउंटचं नाव मराठीत टाकलं. विंडोजने त्याच नावाचं फोल्डर केलं, सी ड्राइव्ह, युजर्स, संख्याशास्त्र विभाग, मध्ये स्पेससकट. आर तुमची पॅकेजं याच फोल्डरच्या पोटात ठेवायला बघतं, तात्पुरत्या फाइली पण तिथंच.

आता यात मजा अशी की जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम अक्षरांसाठी विंडोजचा एक जुना तक्ता वापरतात, कोड पेज म्हणतात त्याला. जपानीला असं पेज आहे, रशियनला आहे, ग्रीकला आहे. देवनागरीला विंडोजमध्ये असं पेज कधी मिळालंच नाही, आपण थेट युनिकोडमध्ये आलो. म्हणजे जुन्या तक्त्यातून बघणाऱ्या प्रोग्रॅमला "संख्याशास्त्र" हे अक्षर म्हणून दिसतच नाही, प्रत्येकाच्या जागी तो एक प्रश्नचिन्ह टाकतो. आणि विंडोजमध्ये फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मग ते फोल्डर सापडणार कुठून? जुन्या मशीनवर युजर नक्की ॲडमिन नाहीतर पीसी १ असं काहीतरी असणार, म्हणून तिथं सगळं गोड होतं.

कंट्रोल पॅनेलमधून नाव बदलू नका, त्याने फक्त दिसणारं नाव बदलतं, फोल्डर तेच राहतं, आणि मग लोक म्हणतात की बदललं तरी होत नाही. उपाय दोन. चांगला उपाय म्हणजे ज्याच्याकडे ॲडमिन आहे त्याच्याकडून नवीन युजर करून घ्या, नाव इंग्रजीत, स्पेस नको, स्टॅट एवढं पुरे. तो माणूस महिन्यातून एकदा येत असेल (असतोच तसा) तर तोवर दुसरा उपाय : डी ड्राइव्हवर आरलिब्ज आणि टेम्प अशी दोन फोल्डरं इंग्रजी नावाने करा, स्टार्टमध्ये एन्व्हायर्नमेंट टाइप करून "फॉर युवर अकाउंट" वालं उघडा, त्यात आर-लिब्ज-युजर नावाचं नवं व्हेरिएबल करा, सगळी कॅपिटल अक्षरं आणि मध्ये अंडरस्कोअर, त्याला पहिल्या फोल्डरचा पत्ता द्या, आणि आधीपासून असलेल्या टेम्प आणि टीएमपी या दोघांना दुसऱ्याचा. आर बंद करून परत उघडा.

आणि ३.६ सोडा हो आता. एप्रिल २०२२ मध्ये आरचं ४.२ आलं तेव्हापासून ते नव्या विंडोज १० आणि ११ वर आतून युनिकोडच वापरतं, त्यामुळे ही भानगड बऱ्यापैकी मिटलीय. पण प्रत्येक पॅकेज तेवढं शहाणं असेलच असं नाही, म्हणून इंग्रजी युजर करून घ्याच. मराठीचा अभिमान फाइलच्या आत ठेवू, आलेखाला मराठी शीर्षक द्या, कोण अडवतंय.

प्रश्न : काका, मी एका डिलिव्हरी कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे. ६० हजार पत्त्यांची एकमेकांपासूनची अंतरं काढतेय, पायथन, ज्युपिटरमध्ये. ऑफिसने १६ जीबीची उबंटू मशीन दिलीय. प्रत्येक वेळी "कर्नल अपिअर्स टु हॅव डाइड" येतं. घरच्या विंडोज लॅपटॉपवर तेच चालवलं तर निदान मेमरी एरर तरी दाखवतो. ऑफिसची मशीन खराब आहे का?
— ठाणे

उत्तर : मशीन उत्तम आहे गं, गणित कर. ६० हजार गुणिले ६० हजार म्हणजे ३६० कोटी आकडे. एका आकड्याला ८ बाइट. २८८० कोटी बाइट, म्हणजे २८.८ जीबी. घागर १६ ची.

घरी एरर आणि ऑफिसात नुसता मृत्यू असं का, तर विंडोज एवढी मेमरी मागितली की तोंडावर नाही म्हणतो. लिनक्स (तुझी उबंटू त्यातलीच) मात्र दिलदार दुकानदारासारखा आहे, बहुतेक वेळा घेऊन जा म्हणतो, उधारी मांडून ठेवतो, आणि तू खरोखर माल उचलायला लागलीस की दुकान रिकामं होतं, मग तो सगळ्यात जास्त माल नेणाऱ्याला शोधून मारतो. याचं नावच आऊट ऑफ मेमरी किलर. ज्युपिटरला फक्त एवढंच कळतं की कर्नल, म्हणजे मागे हिशोब करणारा पायथन, मेला, कुणी मारला ते नाही. सर्व्हर बघणाऱ्याला सांग की लिनक्सच्या स्वतःच्या कर्नलच्या लॉगमध्ये त्या वेळची "किल्ड प्रोसेस" ओळ बघ, पायथनचं नाव सापडेल.

आता मुद्दा. तुला ३६० कोटी अंतरं हवीत कशाला? बदलापूरचा पत्ता वसईपासून किती लांब हे कुणी विचारणार नाहीये, तुला प्रत्येकाच्या जवळचे चारपाच पत्ते हवे असणार. पायथनच्या सायकिट-लर्न लायब्ररीत बॉल ट्री आहे, जवळचे बिंदू पटकन शोधणारं, त्याला हॅवरसाइन मेट्रिक (गोल पृथ्वीवरचं अंतर) दे आणि जवळचे ५ माग, ३ लाख आकडे, चुटकीसरशी. फक्त अक्षांश-रेखांश त्याच क्रमाने आणि रेडियनमध्ये दे. अंशात दिलेस तर क्रॅश होणार नाही, काही बोलणार पण नाही, बिनदिक्कत चुकीची उत्तरं देईल, आणि ते क्रॅशपेक्षा वाईट.

प्रश्न : मॅथेमॅटिकात एखादं इंटिग्रल अडकलं की मी टास्क मॅनेजरमधून एंड टास्क करतो आणि सेव्ह न केलेलं सगळं जातं. यावर काही उपाय?
— एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : चुकीच्या माणसाला मारताय. मॅथेमॅटिका १९८८ मध्ये आलं तेव्हापासून त्याचे दोन भाग वेगळे आहेत, तुम्ही टाइप करता ते फ्रंट एंड आणि हिशोब करतो तो कर्नल. अडकतो बहुतेक वेळा कर्नल. आधी ऑल्ट आणि पूर्णविराम दाबा. ऐकलं नाही तर इव्हॅल्युएशन मेन्यूतून क्विट कर्नल. तरी हटला नाही तर टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये वुल्फ्रमकर्नल नावाची प्रोसेस असते, फक्त तिला संपवा. नोटबुक जसंच्या तसं राहतं, व्हेरिएबल्स तेवढी जातात, वरून परत चालवली की झालं.

प्रश्न : नमस्कार. आमचं छोटं वर्कशॉप आहे, शीट मेटल कटिंगचं. माझ्या मुलाने पत्र्यावर तुकडे कमीत कमी वाया जातील असे बसवायचा प्रोग्रॅम पायथनमध्ये करून दिलाय, त्याला ३०-३५ तास लागतात. गुरुवारी सुट्टी असते म्हणून बुधवारी संध्याकाळी लावून जातो आणि शुक्रवारी सकाळी येऊन बघतो तर कॉम्प्युटर चालू, लॉगिनच्या स्क्रीनवर, प्रोग्रॅम बंद. दर वेळी. मधल्या वारी दोन-दोन तासाचे हिशोब लावले तर एकदम ठणठणीत. रॅम बदलली, ४ हजार गेले. आता मेकॅनिक म्हणतो प्रोसेसर गेला, प्रोसेसर गणित चुकतो. असं असतं का?
— भोसरी

उत्तर : दादा, असं असतं, पण तुमच्याकडे नाहीये.

असतं कसं ते सांगतो, कारण किस्सा भारी आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे थॉमस नाइसली नावाचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांच्या (३ आणि ५, ११ आणि १३ अशा दोनच्या फरकाच्या जोड्या) व्यस्तांची बेरीज करत होते, आणि उत्तर जुळेना. महिनोन् महिने त्यांनी आपला कोड तपासला, कंपायलर तपासला, मशीन बदलून पाहिलं, आणि शेवटी सिद्ध केलं की इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकारच चुकतोय. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं की १.३३३८ यायला हवं, ती चिप १.३३३७ देत होती. इंटेलला शेवटी चिपा बदलून द्याव्या लागल्या आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. पण बघा, ती चिप उत्तर चुकवायची, कॉम्प्युटर बंद नाही करायची, आणि वार बघून तर अजिबात नाही चुकायची.

तुमचं दुखणं वार बघून येतंय. गुरुवारच का? हार्डवेअरला काय उपास असतो का गुरुवारचा?

पत्र वाचून मी तुम्हाला एक काम सांगितलं होतं, इव्हेंट व्ह्युअर, विंडोज लॉग्ज, पण या वेळी ॲप्लिकेशन नाही, सिस्टम. तिथं तीन नंबर बघायचे. १०७४ दिसला तर कुणीतरी रीतसर रीस्टार्ट केलंय, बहुतेक वेळा विंडोज अपडेट, आणि कुणी केलं ते नाव पण आत असतं. ६००८ म्हणजे आधीचं बंद होणं अचानक होतं. आणि ४१, कर्नल पॉवर, म्हणजे मशीनला बंद व्हायची संधीच मिळाली नाही. तुम्ही कळवलंत की चार गुरुवारच्या चार नोंदी आहेत, चारही ४१, आणि त्यांच्या जोडीच्या ६००८ च्या मजकुरातल्या वेळा, पहिली ९:५२ ची, मग ९:४७, ९:५५, ९:५०, सगळ्या सकाळच्या. आणि शेवटी सहज लिहिलंत की गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते पण यूपीएस आहे.

अहो तोच तर! यूपीएस किती मिनिटांचा? लाइट सव्वानऊ-साडेनऊला जात असणार, तुमचा यूपीएस वीस-पंचवीस मिनिटं दम धरतो आणि बसतो. ४१ च्या नोंदीची स्वतःची वेळ मात्र धरायची नाही, ती मशीन परत सुरू झाल्यावरची असते, त्यामुळे ६००८ च्या मजकुरात आत जी वेळ लिहिलेली असते तीच बघायची, बंद पडल्याची वेळ ती. लाइट आली की मशीन आपोआप सुरू होतं ते बायोसमधल्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधल्या) सेटिंगमुळे, म्हणून शुक्रवारी तुम्हाला सगळं चालू दिसतं आणि संशय प्रोग्रॅमवर जातो. सुट्टीच्या दिवशी तिथं कुणी नसतंच, बघणार कोण.

प्रोसेसर बदलू नका, ४ हजार गेले तेवढे पुरे. मुलाला सांगा की दर अर्ध्या तासाला आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली मांडणी फाइलमध्ये लिहून ठेव आणि सुरू होताना ती फाइल असेल तर तिथून पुढे चालव, दहा-पंधरा ओळींचं काम आहे. ही फाइल लिहिताना आधी दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, नाहीतर नेमकी लिहितानाच लाइट गेली की अर्धवट फाइल हातात येते. विंडोज अपडेटचे ॲक्टिव्ह अवर्स पण वाढवून ठेवा, १८ तासांपेक्षा जास्त देता येत नाहीत पण असू देत. आणि तोवर हिशोब बुधवारी लावायचाच नाही, शनिवारी संध्याकाळी लावा, सोमवारी पत्रा कापायला घ्या.